सतरावा रकाना

कर्मचारी नोंदपुस्तक, पान एकशे बारा. पद: वरिष्ठ तपासनीस, दावे विभाग, तिसरा मजला. वय: चोपन्न. उंची: मध्यम. चष्मा: आहे. वैवाहिक स्थिती: रेघ. अवलंबून असलेल्या व्यक्ती: रेघ. सेवाकाळ: सत्तावीस वर्षे. सेवाकाळात हातून झालेल्या चुका: आढळलेल्या नाहीत. स्वभाव: स्थिर. शेरा: सदर कर्मचाऱ्याकडून कोणताही कागद अपूर्ण राहत नाही.

यातली एक नोंद सोडली तर बाकी सगळं त्या काळापुरतं बिनचूक मानायला हरकत नाही. ‘स्वभाव: स्थिर’ हे ज्याने लिहिलं, त्याने या गृहस्थांना बहुधा फोटो काढून घेतानाच पाहिलं असावं. एरवी ते सलग दहा मिनिटं खुर्चीत बसल्याचं कुणाला आठवत नाही. फाइल वाचताना उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, तिथे काही नाही हे पाहून परत यायचे. पेनाचं टोपण काढायचे, लावायचे, पुन्हा काढायचे. आरोग्य विमा कंपनीचा तिसरा मजला लांबलचक होता आणि त्याच्या फरशीवर दोन टेबलांमधून जाणारी एक पुसट वाट तयार झाली होती. ती त्यांची.

ऑफिसात त्यांना रकानेकाका म्हणत. कारण साधं होतं. छापील कागदावरचा रिकामा रकाना त्यांना पाहवत नसे. लाँड्रीच्या पावतीवर ‘तक्रार असल्यास’ असं छापलेलं असतं, तिथे ते ‘नाही, आभारी आहे’ असं लिहून येत. प्राणिसंग्रहालयाच्या अभिप्रायाच्या वहीत त्यांनी एकदा लिहिलं होतं: ‘अस्वल झोपले होते. बाकी ठीक.’ लग्नाचा रकाना त्यांनी रेघ मारून भरला होता, तोही मोकळा म्हणून सोडला नव्हता. ताई म्हणायची, “मुलगी मिळाली नाही असं नाही हो, याने पहिल्याच भेटीत तिला फॉर्म दिला असणार.”

ताई म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण. आईबाप लवकर गेल्यावर तिनेच यांना वाढवलं, त्यामुळे चोपन्नाव्या वर्षीही ती यांना ‘धाकट्या’ म्हणूनच हाक मारी. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिचं कपडे मापात बसवून द्यायचं दुकान होतं: सैल झालेले कोट, लांब झालेल्या पँटी, कुणाच्या तरी आईचे झगे. “तुझं माझं काम एकच,” ती म्हणे. “मी कपडा माणसाच्या मापाने कापते, तू माणूस कागदाच्या मापाने.” दुकानाच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. हा जिना पुढे लागणार आहे.

आता त्यांच्या कामाबद्दल थोडं, कारण सगळं तिथूनच निघालं.

तिसऱ्या मजल्यावर फाइल उलटी उघडतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, आजारी माणसाचा दावा आला की आधी आजार बघत असतील, डॉक्टरचं पत्र, हॉस्पिटलचा अंदाज. ते सगळं फाइलीत वर असतं आणि ते शेवटी बघायचं असतं. आधी तळाचा कागद. तळाशी असतो विमा घेताना भरलेला अर्ज, कधी पाच वर्षांचा जुना, कधी पंधरा. त्या दिवशी माणूस धडधाकट असतो, आणि धडधाकट माणूस बोलतो. अर्जात सोळा प्रश्न हो-नाहीचे असतात. सतरावा रकाना मोकळा असतो: ‘याखेरीज काही सांगण्यासारखे’. व्यवहार कळणारी माणसं तिथे ‘नाही’ लिहितात. भाबडी माणसं तिथे पत्र लिहितात. लहानपणी कावीळ झाली होती, उन्हात डोकं दुखतं, हल्ली झोप कमी येते. दहा वर्षांनी तेच वाक्य तपासनीसाच्या हाती लागतं आणि मग परिच्छेद एक्केचाळीस लागू होतो.

परिच्छेद एक्केचाळीस रकानेकाकांनी स्वतः लिहिलेला होता. नकाराच्या पत्रांचे असे एकूण त्रेसष्ट परिच्छेद तयार असत, तपासनीसाने फक्त आकडा लिहायचा. “आपण स्वतः नमूद केल्याप्रमाणे सदर लक्षण विमा घेण्यापूर्वीपासून अस्तित्वात होते. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल कंपनी आभारी आहे. तथापि...” असा तो सुरू होई. यातलं ‘आभारी आहे’ त्यांनी हट्टाने घालून घेतलं होतं. माणसाने खरं सांगितलं तर निदान कुणीतरी आभार मानावेत, असं त्यांचं मत होतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी शहरात दोन गोष्टींची चर्चा होती. एक, कंपनीला आजवरचा सगळ्यात मोठा नफा झाला. दोन, सरकार आरोग्यसेवेचा कायदा बदलणार होतं. पहिलीमुळे दुसरी आली की दुसरीच्या भीतीने पहिली उरकून घेतली, यावर मतभेद होते. नफ्याच्या आनंदात प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक थर्मास मिळाला. त्यावर छापलं होतं, ‘तुमचं आरोग्य, आमची जबाबदारी’. थर्मासचं झाकण घट्ट बसत नसे, त्यामुळे आठवडाभर तिसऱ्या मजल्यावरच्या बॅगा ओल्या होत्या.

नव्या कायद्याच्या मसुद्यात एक कलम होतं, तेच सगळ्यांच्या तोंडी होतं: विमा घेऊन आठ वर्षं झाली की अर्जातल्या जुन्या वाक्यावरून दावा नाकारता येणार नाही. कँटीनमध्ये त्यावरून रोज जुंपे.

“म्हणजे खोटं लिहा आणि आठ वर्षं वाट बघा,” विभागप्रमुख म्हणाले. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. “उद्या सगळेच दावे द्यायचे म्हटले तर हप्ता दुप्पट होईल. मग ठणठणीत माणूस म्हणेल, मला नकोच विमा. राहतील फक्त आजारी. त्यांचा विमा काढणार कोण, तुमचे सासरे?”

“माझे सासरे कालच नाकारले, साहेब,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. “सतराव्या रकान्यात गुडघा लिहिला होता.”

हशा झाला. साहेबही हसले. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. सरकारी दवाखान्याच्या रांगेत ज्याने एक सकाळ काढली आहे, त्याला सगळं सरकारकडे द्यावं असं चटकन वाटत नाही. पण गेल्या तीन वर्षांत दावे तेवढेच येत होते आणि एक्केचाळीस दुपटीने लागत होता, हे रकानेकाकांना ठाऊक होतं. हा आकडा विचारणारा रकाना कुठल्याच अहवालात नव्हता. म्हणून तो कुठे भरलाही गेला नव्हता.

कायद्यावर जनसुनावणी ठरली. एका शाळेच्या सभागृहात, मंगळवारी सकाळी. साहेबांनी रकानेकाकांना केबिनमध्ये बोलावलं.

“कंपनीतर्फे मोठे लोक बोलतीलच. पण एक सामान्य कर्मचारी हवा. साधा, विश्वास बसेल असा. तुम्हाला बघून कुणालाही वाटतं की हा माणूस खोटं बोलणार नाही.”

“नाहीच बोलत,” रकानेकाका म्हणाले.

“तेच तर. भाषण आम्ही लिहून देतो. तीन मिनिटं. अहो, बसा ना.”

“नको, ठीक आहे,” ते म्हणाले आणि उभ्यानेच भाषणाचा कागद वाचला. त्यात शेवटचं वाक्य होतं: सत्तावीस वर्षांत एकाही खऱ्या रुग्णावर अन्याय झालेला मी पाहिलेला नाही.

त्याच आठवड्यात ताईच्या हृदयाची एक झडप निकामी झाल्याचं निघालं. तसं कळायला उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, बदलावी लागेल, फार थांबू नका. हॉस्पिटलने विमा कंपनीकडे पूर्वमंजुरी मागितली. विमा होताच, बारा वर्षांपूर्वी रकानेकाकांनीच काढून दिलेला. एकही हप्ता चुकला नव्हता, कारण तारखा तेच लक्षात ठेवत. “भाऊ विम्यात असण्याचा एवढा तरी फायदा,” ताई हॉस्पिटलच्या नर्सला म्हणाली होती.

नात्यातल्या माणसाची फाइल स्वतः बघायची नाही, असा नियम होता. म्हणून ती शेजारच्या टेबलावर गेली. तिथे बसणारी तपासनीस वयाने लहान, हुशार, काटेकोर. चार वर्षांपूर्वी रकानेकाकांनीच तिला काम शिकवलं होतं, आणि ऑफिसात तिला त्यांची शिष्या म्हणत. गुरुवारी दुपारी जेवणानंतर ती त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात एकच कागद होता, जुना, कडेने पिवळा पडलेला.

“काका, हे अक्षर...”

त्यांनी पाहिलं. अक्षर त्यांचं होतं. विभागात ते कोण ओळखणार नाही? नव्या लोकांना फॉर्म कसा भरावा याचा नमुना म्हणून त्यांचाच कागद दाखवत. ताईला तेव्हा वेळ नव्हता. दुकान नवं होतं, ती म्हणाली होती, तूच भर, मी सही करते. आणि त्यांनी भरला होता. सोळा प्रश्न. मग सतरावा. तो रिकामा दिसत होता. दुसरं कुणीही तिथे ‘नाही’ लिहून मोकळं झालं असतं. त्यांनी लिहिलं होतं: ‘जिना चढताना कधी कधी दम लागतो (अंदाजे सातव्या पायरीवर).’

“नुसतं ‘दम लागतो’ असतं तरी डॉक्टरबाईंनी सोडलं असतं,” शिष्या हळू आवाजात म्हणाली. कंपनीच्या वैद्यकीय सल्लागार बाईंकडे अशा फाइली शेवटच्या सहीला जात. “पण पायरीसुद्धा लिहिलीय. पायरीचा नंबर आला की ते लक्षण ठरतं. तुम्हीच शिकवलंय, काका. जितकं नेमकं तितकं ग्राह्य.”

रकानेकाका उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

“मी अजून नोंद केलेली नाही,” ती म्हणाली. “मला वाटलं तर... मी आज फाइल पुढून उघडते. वरचे कागद सगळे चोख आहेत. खालपर्यंत जायलाच नको.”

सत्तावीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. ते पुन्हा खिडकीपर्यंत गेले. खाली रस्त्यावर एक माणूस गाडीची काच पुसत होता. मनात काय आलं हे नेमकं सांगणं कठीण आहे. पोरगी पकडली गेली तर तिची नोकरी जाईल, हे आलं. आजवर ज्या माणसांना आपण एक्केचाळीस लावला, त्यांचे भाऊ शेजारच्या टेबलावर बसत नव्हते, हेही आलं. आणि डॉक्टरबाईंना कळेल, त्या समजूतदार आहेत, अशी एक आशाही आली, जिला काही आधार नव्हता.

परत येऊन ते म्हणाले, “तू एरवी फाइल कशी उघडतेस?”

“तुम्ही शिकवलीत तशी.”

“मग?”

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, तिथे दुसरं काही लिहिलंय का ते. मग कागद घेऊन गेली. त्यांना मनातून वाटत होतं की हिने आपलं ऐकू नये. पण ती गुणी मुलगी होती. अडचण तीच होती. सव्वातीनला तिने फाइलीवर आकडा लिहिला: ४१.

शनिवारी ताईने दुकानात पत्र उघडलं. भाची तिथेच होती, ताईची एकुलती एक मुलगी. एका प्रयोगशाळेत लोकांची रक्तं काढायचं काम करी, आणि गेले सहा महिने नव्या कायद्याच्या बाजूने सह्या गोळा करत हिंडत होती. ती म्हणे, सुई टोचून झाली की माणूस कशावरही सही करतो.

रकानेकाका दारातून आत आले, तेव्हा ताई चष्मा नाकावर ओढून मोठ्याने वाचत होती.

“‘आपण स्वतः नमूद केल्याप्रमाणे...’ मी कधी नमूद केलं गं? ‘जिना चढताना कधी कधी दम लागतो, अंदाजे सातव्या पायरीवर. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल कंपनी आभारी आहे.’ आभारी आहे म्हणे! ये रे धाकट्या. बघ, तुमच्या लोकांनी मला नाही म्हटलंय आणि वर शाबासकी दिलीय.”

“हे कोण लिहितं, मामा?” भाची म्हणाली. “कुठल्या दगडाला हे सुचतं? आभार मानून गळा दाबायचा.”

रकानेकाका बसले नाहीत. टेबलावरून त्यांनी टाचण्यांची डबी उचलली, उघडली, बंद केली. कापायच्या टेबलाला वळसा घालून शिवणयंत्रापर्यंत गेले.

“परिच्छेद मी लिहिलाय,” ते म्हणाले.

त्यांनी डबी पुन्हा उघडली.

“आणि ते वाक्यही. अर्ज मी भरला होता. तू सही केलीस. सातवी पायरी मी घातली.”

ताईने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं.

“बारा वर्षांपूर्वी,” ती म्हणाली. “म्हणजे तू तेव्हा मागून चढताना माझ्या पायऱ्या मोजत होतास.”

“तू थांबलीस. रोज तिथेच थांबायचीस.”

“मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही.” तिने पत्र शिवणयंत्राखाली ठेवलं, जिथे ती गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या ठेवी. “अरे पण त्या वर्षी माझ्या हातात पडद्याच्या कापडाचे गठ्ठे असायचे. दोन-दोन. त्या हॉटेलचं काम होतं, आठवतंय? तुझ्या कंपनीच्या साहेबाला घेऊन चढू दे ते गठ्ठे, पाचव्या पायरीवरच बसेल.”

“ते लिहायला हवं होतं.”

“का नाही लिहिलंस?”

“जागा संपली होती.”

ताई हसायला लागली, आणि हसताना तिला दम लागला. ती खुर्चीला धरून वाकली. भाची पाणी घेऊन धावली. रकानेकाका हातात टाचण्यांची डबी घेऊन मधोमध उभे होते.

“ती डबी ठेव,” ताई श्वास सावरत म्हणाली. “आणि कुठेतरी बस. तुला बघूनच मला धाप लागते.”

“बसवत नाही.”

“मामा,” भाची म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. “मंगळवारी सुनावणीला मी बोलणारे. हे पत्र वाचणारे. तू येणार आहेस असं ऐकलं.”

“हो.”

“कुणाच्या बाजूने?”

“कंपनीच्या,” ते म्हणाले. भाषणाचा कागद अजून त्यांच्या खिशात होता.

सोमवारी सकाळी त्यांनी ताईच्या वतीने फेरविचाराचा अर्ज केला. गठ्ठ्यांचा उल्लेख होता, वजन अंदाजे दिलं होतं, त्या हॉटेलचं जुनं बिल जोडलं होतं. सकाळभर शिष्या त्यांच्याकडे न बघता फाइली सरकवत होती. दुपारी चौथ्या मजल्यावरच्या फेरविचार विभागाकडून उत्तर आलं. एवढ्या लवकर उत्तर येणं हे नातेवाईक म्हणून मिळालेलं खास सौजन्य होतं. परिच्छेद त्रेपन्न: ‘मागाहून दिलेला खुलासा ग्राह्य धरता येत नाही.’ हाही त्यांनीच लिहिला होता, पण तरुणपणी. त्यात आभार नव्हते.

मंगळवारी सभागृह भरलं होतं. भिंतीवर मुलांनी काढलेली दातांची चित्रं होती. दारात एक कारकून प्रत्येक बोलणाऱ्याला फॉर्म देत होता: व्यवसाय, कुणातर्फे, कायद्याच्या बाजूने की विरुद्ध, आणि खाली मोठा मोकळा चौकोन, ‘याखेरीज काही सांगावयाचे असल्यास’. रकानेकाकांनी वरचं सगळं भरलं. खालचा चौकोन त्यांनी मोकळा ठेवला आणि फॉर्म गुडघ्यावर घेऊन बसले. मग उठले. मग मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा रिकामा रकाना हातात घेऊन ते तासभर एका खोलीत होते, आणि तो त्यांना बुटातल्या खड्यासारखा टोचत होता.

कंपनीतर्फे एक मोठे गृहस्थ बोलले. नफा ही वाईट दिवसांची तरतूद असते, ते म्हणाले. नफा नसेल तर साथ आल्यावर दावे कोण देईल? मागून कुणी ओरडलं, “मागच्या साथीला कुठे दिलेत!” सुनावणी घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली. एक डॉक्टर म्हणाले की सगळं फुकट केलं तर ते संप करतील, आणि एक आजोबा म्हणाले की त्यांच्या मते डॉक्टर आत्ताही संपावरच आहेत. एकंदर चर्चा चांगली चालली होती, म्हणजे कुणाचंही मत बदलत नव्हतं.

मग भाची उभी राहिली. तिने पत्र वाचलं. आईचं नाव घेतलं नाही, मामाचंही नाही. सातव्या पायरीशी आली तेव्हा सभागृहात लोक हसले.

“पायरीचा आकडा?” अध्यक्षबाई म्हणाल्या. “इतकं बारीक कोण लिहितं हो?”

भाचीने मागच्या भिंतीकडे पाहिलं नाही. “ज्याचं लक्ष असतं तो,” ती म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर रकानेकाकांचा नंबर होता. त्यांनी कागद काढला आणि वाचला. सगळा, शब्दशः, कुठे न अडखळता. शेवटचं वाक्यही. लोकांनी थोड्या टाळ्या वाजवल्या, थोडी हुर्यो उडवली. साहेब पुढच्या रांगेत मान हलवत होते. रकानेकाका माइकपाशीच उभे राहिले.

“झालं ना?” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“कागद झाला. माझ्या फॉर्मवर एक रकाना राहिलाय.”

“तो लिहून द्या. वाचायची गरज नाही. सगळं नोंदीत जातं.” घंटा वाजली. “पुढचे.”

ते बाहेर व्हरांड्यात आले. खिडकीच्या कठड्यावर फॉर्म ठेवून उभ्यानेच लिहायला लागले. फाइल उलटी उघडतात, हे लिहिलं. तीन वर्षांत एक्केचाळीस दुपटीने लागल्याचा आकडा लिहिला. आत वाचलेलं शेवटचं वाक्य खरं नाही, असं लिहिलं, आणि सातवी पायरी आपण लिहिली होती, ती खरी होती, पण गठ्ठे लिहायचे राहिले. चौकोन संपला. या वेळी ते आत गेले, कारकुनाकडून दोन पुरवण्या मागून आणल्या आणि त्याही भरल्या. खाली सही, पद, मजला. कारकुनाने शिक्का मारून कागद घेतला आणि पेटीत टाकला.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. फोन वाजला की ते उठत. साहेबांच्या केबिनचं दार उघडलं की पेनाचं टोपण हातातून पडे. फरशीवरची वाट त्या महिन्यात आणखी उजळ झाली. त्यांनी स्वतःचा खणही रिकामा करून ठेवला होता, थर्मास तेवढा राहू दिला. साहेबांनी शेवटी एकदा बोलावलं तेव्हा ते उभेच राहिले.

“तुमचं भाषण छान झालं,” साहेब म्हणाले. “वाक्यन्‌वाक्य. वरच्यांनी आवर्जून सांगायला सांगितलंय.”

“आणि फॉर्म?”

“कसला फॉर्म?”

समितीचा अहवाल छापून आला. रकानेकाकांनी तो शेवटच्या पानापासून वाचला. परिशिष्टात एक ओळ होती: लेखी निवेदने एकशे सहा, सर्व विचारात घेतली. त्यांना तेव्हा कुठे उमगलं की तिथे कागद पुढून वाचतात आणि तीन मिनिटांत थांबतात. शेवटपर्यंत जाऊन खालचा रकाना बघणारी माणसं अख्ख्या शहरात एकाच इमारतीत होती, आणि त्यांना त्याचा पगार मिळत होता.

कायदा झाला. आठ वर्षांचं कलम राहिलं, दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला. फक्त ते पुढच्या वर्षापासून घेतलेल्या विम्यांना लागू झालं, आणि आठ वर्षं तिथून मोजायची ठरली. कंपनीने नवे अर्ज छापले. त्यात सतरावा रकाना दुप्पट मोठा केला.

ताईचं नाव सरकारी हॉस्पिटलच्या यादीत लागलं आहे. नंबर दोनशे एकोणीस होता, आता एकशे चौऱ्याऐंशी आहे. भाची दर पंधरवड्याला जाऊन पाहून येते. दुकान बंद करायला ताई तयार नाही. घरी बसून काय छताच्या पट्ट्या मोजू, म्हणते. रकानेकाका रोज संध्याकाळी तिच्याबरोबर जिना चढतात, एक पायरी मागून.

कर्मचारी नोंदपुस्तक या वर्षी पुन्हा लिहिलं गेलं. सेवाकाळ: अठ्ठावीस वर्षे. सेवाकाळात हातून झालेल्या चुका: आढळलेल्या नाहीत. स्वभाव: स्थिर. शेरा: जनसुनावणीत कंपनीची बाजू समाधानकारकपणे मांडली.

ताई पूर्वी सातव्या पायरीवर थांबायची. आता तिथे बसते.